पैऱ्यावरची वीज

माझं डोकं लवकर तापतं, हे आमच्या कार्यालयात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मी वीज तपासणारी बाई. सोळा वर्षं सांगली जिल्ह्यात हिंडते आहे. कुणाच्या गिरणीची मोटर अर्थिंगशिवाय चाललीय, कुणाच्या मांडवात उघडी वायर लोंबतेय, कुणी कपडे वाळत घालायच्या तारेलाच बल्ब अडकवलाय, हे बघायचं आणि अहवाल लिहायचा. लोक मला तोंडावर संयोगिता मॅडम म्हणतात आणि मी पाठ फिरवली की फ्यूजबाई. मला दोन्ही चालतं.

गेल्या भाद्रपदात माझ्या टेबलावर एक तक्रार आली. तक्रारदार भरतेश मगदूम, निवृत्त मुख्याध्यापक, राहणार मगदूम मळा, येरळेकाठी, पलूसच्या अलीकडं. अर्ज हाताने लिहिलेला होता आणि अक्षर असं, की शाळेच्या फळ्यावर लावून ठेवावं. मजकूर असा: ‘माझ्या चुलत भावजय श्रीमती गुणमाला मगदूम या आपल्या गोठ्यावरील सौर संचातून मळ्यातील घरांना वीज देतात. हा सार्वजनिक वीजपुरवठा होय. सार्वजनिक पुरवठादारास मागणाऱ्या कोणासही नकार देता येत नाही. तरी त्यांनी माझ्या घराचा फ्यूज काढून नेला आहे. सबब माझा पुरवठा पूर्ववत करून मिळावा. ता.क. वीज नसल्याने प्रिंटर बंद असून अर्ज हस्तलिखित पाठवावा लागत आहे, याची नोंद घ्यावी.’ खाली पाच कार्यालयांना प्रती पाठवल्याचं लिहिलं होतं.

मला आधी हसू आलं आणि मग राग आला. कारण नियमांत विजेच्या दोन जाती आहेत. एक सार्वजनिक. ती मागेल त्याला द्यावीच लागते, भांडण असलं तरी. पण ती द्यायला सरकारचा परवाना लागतो. दुसरी खासगी. ती आपण तयार करायची आणि आपणच वापरायची. तिला तसला परवाना लागत नाही आणि ती कुणाला दिलीच पाहिजे असंही नाही. सरांनी नियम वाचला होता, पण आपल्या सोयीचा अर्धाच. वीज सार्वजनिक ठरली, तर परवाना नाही म्हणून अख्ख्या मळ्याची बंद. खासगी ठरली, तर भावजय सरांना खुशाल नाही म्हणू शकते. दोन्हीकडून सर अंधारातच राहणार होते आणि हे त्यांच्या लक्षातही आलेलं नव्हतं.

अर्ज दप्तरी लावून टाकला असता. पण पाचपैकी एका कार्यालयातून आमच्या साहेबांना फोन आला. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत अहवाल पाहिजे, आणि पुरवठा बेकायदा असेल तर त्याच दिवशी बंद करून यायचं, असं वरून ठरलं. मी सोमवारी सकाळी जीप काढायला सांगितली.

आमचा ड्रायव्हर यल्लाप्पा जतच्याही पलीकडचा. निम्मं मराठी, निम्मं कन्नड आणि उरलेलं हॉर्न वाजवून बोलतो. त्याने मळ्याच्या तोंडाशी जीप थांबवली तेव्हा दोन्ही बाजूला हळद कमरेएवढी उभी होती आणि पाच-सहा बाया भांगलत, तण काढत होत्या. त्यातलीच एक साठीची, सडपातळ, जाड चष्म्याची बाई खुरपं टाकून पुढे आली. ह्याच गुणमालाकाकू. आल्या आल्या त्यांनी मला पाणी दिलं, ते कोमट होतं. दसलक्षण पर्व चालू होतं. जैनांचे हे दहा दिवस व्रताचे, रोज एका धर्मगुणाचा. काकूंचं एकाशन होतं, म्हणजे दिवसातून एकदाच, दुपारी जेवायचं, आणि पाणी प्यायचं तेही उकळून. त्यासाठी पडवीत चुलीवर हा भला मोठा हंडा दिवसभर चढलेला असायचा.

गोठ्याच्या छपरावर सौर पॅनेल दोन ओळींत बसवलेले होते. खाली एका खोलीत बॅटऱ्या. काकूंचा मुलगा सम्मेद पुण्यात नोकरीला, त्यानं दोन वर्षांपूर्वी बसवून दिलेले. मळ्यात कंपनीची वीज आहे, पण वारा सुटला की कुठंतरी तार तुटते आणि मग दुरुस्त होईपर्यंत वाट बघायची. ह्या वेळी तर ट्रान्सफॉर्मर जळून ती पंधरवडाभर बंदच होती. काकूंच्या एकटीच्या घराला संच भारी मोठा होता. म्हणून त्यांनी आजूबाजूच्या सहा घरांना वायर ओढून दिली.

किती पैसे घेता, असं मी विचारलं. काकूंनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी त्यांच्या घरात चपला घालून शिरले होते. पैसे नाहीत, पैरा आहे, असं त्या म्हणाल्या.

पैरा मला माहीत होता. आज तू माझ्या रानात ये, उद्या मी तुझ्या रानात येते. मजुरी नाही, हिशेब नाही, ज्याचा त्याने लक्षात ठेवायचा. आमच्याकडं खटावातही चालतो. पण विजेचा पैरा मी पहिल्यांदाच ऐकला. काकूंच्या हळदीच्या भांगलणीला, भरणीला, काढणीला सहाही घरांतून माणूस यायचं आणि त्या बदल्यात घरात पंखा फिरायचा, दिवा लागायचा. त्यातलं एक घर भरतेश सरांचं. त्यांची पाळी आली तेव्हा कंबर धरल्याचा निरोप पाठवून ते पडवीत पेपर वाचत बसलेले काकूंनी बघितले, आणि तिथल्या तिथं फ्यूज काढून आणला. तो त्यांच्या कनवटीलाच होता, मला दाखवला.

सर कुंपणापलीकडून हे ऐकत होते. ते आले आणि त्यांनी मला नियमाचा क्रमांक सांगितला. मी त्यांना उरलेला अर्धा नियम सांगितला. त्यांचा चेहरा उतरला. पुरवठा बंद करा असं मी कधीच म्हटलेलं नाही, मला पुन्हा चालू करून पाहिजे होता, असं ते दोन-तीनदा म्हणाले. आता ते तुमच्या हातात नाही, असं मी जरा जोरातच सांगितलं.

मग मी वायर बघत निघाले आणि रस्त्यापाशी थांबले. सहा घरं रस्त्याच्या अलीकडं होती, एक पलीकडं. रस्त्याखालच्या मोरीतून वायर गेली होती आणि ती कशात घातली होती, तर जुन्या ठिबकच्या काळ्या नळीत. ठिबकच्या नळीला पाणी टपकायला हातभरावर भोक असतं. इथं मोरीत पाणी होतं आणि नळीतल्या वायरीत वीज खेळत होती. माझं डोकं ठणकायला लागलं. सात घरांत एकाही माणसाला हे सुचू नये?

“हे आत्ताच्या आत्ता बंद करा,” मी म्हटलं.

तेव्हा भांगलणाऱ्या बायांतली एक पळतच पुढं आली. तिशीतली, हाताला माती, पदर खोचलेला. ती माया. रस्त्यापलीकडचं घर तिचं. बौद्ध घरातली, नवरा कुणाल पुण्याला टेम्पो चालवतो. पलूसच्या शिलाई कारखान्यातली नोकरी सोडून तिनं अंडी उबवायचं मशीन घेतलं होतं. मळ्यातल्या, वस्तीवरच्या बायांकडून गावरान अंडी घ्यायची आणि एकवीस दिवसांनी पिल्लं द्यायची. पहिला लॉट बाराव्या दिवशी गेला. तार तुटली होती, आठ तास वीज नव्हती. अडीचशे अंडी तिनं एकटीनं खड्डा काढून पुरली. मग काकूंकडून वायर घेतली. हा दुसरा लॉट, आणि आज सतरावा दिवस.

“बाई, ह्यो लॉट बी ग्येला तर मशीन इकायचं आन परत कारखान्यात जायाचं, आसं घरात ठरलंय,” ती म्हणाली. “चार दिस ऱ्हायल्यात फकस्त.”

मला वाईट वाटलं. पण मोरीत एखादं ढोर उतरलं असतं किंवा पोरं खेळायला गेली असती तर? मी वायर तोडायलाच लावली. मात्र दुसरी घालून होईपर्यंत मी इथून हलत नाही, असंही सांगितलं.

काकूंच्या शेडात बोअरच्या मोटरची जाड केबल पडून होती आणि पाइपलाइनचे उरलेले अखंड पाइप. यल्लाप्पा शर्ट काढून मोरीत उतरला. बायामाणसं पाइप पुढं ढकलायला लागली. हे सगळं तीन तासांचं काम होतं आणि अंड्यांची ऊब घटकाभरही तुटून चालणार नव्हतं. मायानं मशीनवर गोधड्या घातल्या, तरी आतला तापमानाचा काटा खाली येत होता. तेव्हा काकू पडवीतून म्हणाल्या, “आगं माज्या हंड्यात पाणी कडकडीत हाय की.”

मग व्रताचं उकळलेलं पाणी थंड पेयांच्या रिकाम्या बाटल्यांत भरून, फडक्यात गुंडाळून, रस्त्यापलीकडं जायला लागलं. काकू स्वतः नेत होत्या. दर वीस मिनिटांनी दोन बाटल्या. पण त्या मायाच्या उंबऱ्याशी थांबत, बाटल्या हातात देत आणि परत फिरत. आत पाऊल टाकत नव्हत्या. ते बघून माझ्या मनात नको तो विचार आला आणि मी मायाला सरळ विचारलं. माया हसली. तसलं काही नाही म्हणाली. काकू एरवी यायच्या, चहा घ्यायच्या, तासतासभर बसायच्या. मशीन आल्यापासून येत नव्हत्या, कारण घरात अंडी होती. पिल्लं जगायला वीज देते, पण अंडी डोळ्यापुढं नकोत, आणि एकही खायला विकायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

दुपारी वीज परत चालू झाली. काटा जागेवर आला. माया मशीनला पाठ लावून मटकन खाली बसली.

सुरक्षिततेचं काम झालं, पण खरं काम राहिलंच होतं. मी पडवीत बसून सगळ्यांना नियम समजावला. स्वतःसाठी वीज केली तर खासगी. चारजणांनी मिळून स्वतःसाठी केली, तरी ती खासगीच, कारण जे मालक तेच वापरणारे. पण एक मालक आणि बाकीचे नुसते घेणारे असतील, तर पैसे घ्या नाहीतर भांगलण घ्या, तो दुसऱ्याला पुरवठा. त्याला परवाना लागतो. आणि तो मळ्यात कुणाकडं असणार?

“म्हणून एकच विचारते,” मी म्हटलं. “हा संच कुणाचा?”

चार-पाच जण एकदम म्हणाले, आमच्या सगळ्यांचा. भरतेश सरसुद्धा म्हणाले. पॅनेल छपरावर चढवायला आम्हीच होतो, असंही कुणी सांगितलं, आणि ते खरं होतं. माया मात्र काकूंकडं बघत राहिली.

काकूंनी चष्मा पुसला. “आज उत्तम सत्याचा दिस हाय,” त्या म्हणाल्या. “संच माजा हाय. माज्या पोरानं मला दिल्याला.”

मी वहीत तसं लिहिलं. खोटं बोलल्या असत्या तर मला निम्मी सुटका वाटली असती, हे कबूल करते. मग मी पुस्तकात जे आहे तेवढंच सांगितलं. शुक्रवारपर्यंत सातही घरांनी मिळून मंडळ करावं, काकूंनी संचाची मालकी त्या मंडळाच्या नावे कागदावर लिहून द्यावी, म्हणजे वीज खासगी. नाहीतर शुक्रवारी मला माझ्या हाताने बंद करावी लागेल.

काकू एकदम कडक झाल्या. “द्यायला मला जड न्हाई. आजवर कुनाला न्हाई म्हनलो न्हाई, ह्यो भरतेश सोडला तर. पर उद्या ते माज्याकडं मागायचंच न्हाईत म्हंजे? माजं छप्पर, माजं प्यानेल, आन त्येनी येऊन सोताच बटन दाबायचं?”

मग माया बोलली. आवाज न चढवता, पण काकूंच्या डोळ्यात बघून.

“काकू, तुमाला द्यायला जड न्हाई. मला रोज मागायला जड जातंय.”

काकू उठल्या आणि आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आम्ही जीपमध्ये बसलो. यल्लाप्पा वाटेत एवढंच म्हणाला, की शुक्रवारी पक्कड आणायची का? मी त्याला गाडीकडं लक्ष द्यायला सांगितलं.

ते चार दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. नियम मला आवडतात. नियमानं माणसं जगतात, हे मी मोरीतल्या नळीसारख्या कितीतरी ठिकाणी बघितलं आहे. पण शुक्रवारी अंडी फुटायच्या ऐन वेळेला मीच जाऊन वीज तोडायची, हे मला पटत नव्हतं. साहेबांना एक दिवस वाढवून मागितला. ते म्हणाले, पाच ठिकाणी प्रती गेल्यात. भरतेश सरांचं ते मोत्यासारखं अक्षर माझ्या डोक्यातून जाईना.

शुक्रवारी साडेअकराला मळ्यात पोचले. पक्कड यल्लाप्पानं आणली होती, सीटखाली ठेवली होती. रस्त्यावरच भरतेश सर उभे. इस्त्रीचा सदरा, काखेत फाईल.

फाईलमध्ये सगळं होतं. मंडळ, त्याचे नियम, सात घरांची नावं, सह्या, दोन अंगठे, मोरीतून केबल नेल्याबद्दल ग्रामपंचायतीचं ना हरकत पत्र, आणि गुणमाला मगदूम यांनी संचाची मालकी मंडळाला दिल्याचा कागद. एकही खाडाखोड नाही. ह्या वेळी छापलेलं होतं. म्हणजे सरांचा फ्यूज परत बसला होता.

काय झालं ते काकूंनीच सांगितलं. माया रोज सकाळी येऊन विचारते, काकू, चालू ठेवू का? त्यांनी कधी असं विचार म्हणून सांगितलेलं नव्हतं, पण तिची पद्धत पडली होती. मंगळवारीही आली.

“रोजचंच ते. पर त्या दिशी माज्या कानाला लागलं,” काकू म्हणाल्या. “इतकं दिस ऐकत हुतो, गोड वाटत हुतं. म्हनलं, गुणमाले, तू वीज देतीस का सलाम घेतीस?”

मग त्या उठून भरतेश सरांच्या दारात गेल्या. महिनाभरात पहिल्यांदा. भाऊजी, तुम्हाला हळदीतलं तण आणि पीक वेगळं कळत नाही, ते मला आधीच ठाऊक होतं. तुम्हाला जे येतं ते करा, तोच तुमचा पैरा, असं म्हणाल्या. सरांनी तीन दिवस बसून कागद केले. पंचायतीत दोनदा जाऊन भांडून आले. माझ्या सोळा वर्षांत एवढी नीट फाईल मला कुणी दिलेली नाही, असं मी त्यांना सांगितलं. ते लाजले आणि म्हणाले की प्रती पाच ठिकाणी पाठवू का? मी म्हटलं, एकही नको.

मला वाटलं, आज पर्वातला आकिंचन्याचा दिवस, माझं काहीच नाही असं म्हणायचा, म्हणून काकूंनी सहीला तो मुहूर्त धरला असणार. तसं बोलूनही दाखवलं. “छ्या, सही बुधवारीच केल्या,” त्या म्हणाल्या. “चांगल्या कामाला कॅलेंडर कशाला?”

एवढ्यात रस्त्यापलीकडून मायाची हाक आली. पहिलं पिल्लू बाहेर पडलं होतं.

सगळे तिकडं गेले. मीही. मशीनच्या काचेआड अंडी टकटक करत होती, हलत होती, एकेकाला बारीक भेग जात होती. आणि एक ओलं, लुळं, अजिबात सुंदर नसलेलं पिल्लू मान टाकून पडलं होतं. माया तोंडावर हात धरून बघत होती. काकू उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. मायानं बोलावलं नाही. काकूंनी दोनदा आत डोकावलं, मग पदर सावरला आणि चालत येऊन मशीनसमोरच्या पोत्यावर बसल्या.

तीन वाजेपर्यंत दीडशेच्या वर पिल्लं झाली. सुकली की पिवळी, करडी, काळी दिसायला लागत. सरांची बायको सुंदरी दोनदा येऊन काकूंना जेवायला बोलावून गेली. ताट वाढून झाकलेलं होतं. काकू येते म्हणत आणि तिथंच बसत. कोपऱ्यात एक अंडं होतं. त्याला सकाळपासून भोक पडलेलं, आतून चोच दिसायची, पुन्हा दिसेनाशी व्हायची. काकूंची नजर तिथंच अडकली होती. त्यांनी मायाला विचारलं, जरा टरफल सोलून द्यायचं का? माया म्हणाली, नाही, आपण सोललं तर ते मरतं, त्याचं त्यालाच यावं लागतं. काकूंनी हात मांडीखाली दाबून धरले.

मला तीनलाच निघायचं होतं. निघाले नाही. यल्लाप्पाही दारात उकिडवा बसून पिल्लं कन्नडमध्ये मोजत होता.

“माया,” काकू मध्येच म्हणाल्या, “ही मोटी झाल्यावर लोकं काय करत्यात ते मला कळतंय. मी काय येडी न्हाई. पर मला सांगू नगंस.”

“न्हाई सांगत,” माया म्हणाली.

पाच वाजले, सहा वाजून गेले. पिल्लांचा आकडा सव्वादोनशेवर गेला, तसं मायानं पुण्याला फोन लावला आणि नवऱ्याला एवढंच सांगितलं, की मशीन विकायचं नाही. तिकडून कुणाल काय म्हणाला ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण ती भिंतीकडं तोंड करून जरा वेळ उभी राहिली. कोपऱ्यातलं अंडं तसंच होतं. सुंदरी तिसऱ्यांदा आली. आता पंधरा मिनिटं राहिली आहेत, सूर्य बुडाला की जेवता येणार नाही, सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही, असं तिनं रागानंच सांगितलं. काकू उठल्या नाहीत. त्याचं बाहेर येणं बघून मग येते, म्हणाल्या.

ते आलं. अंडं दोनदा हललं, टरफलाची टोपी बाजूला झाली आणि आतून एक मरतुकडं काळं पिल्लू घसरून पडलं. पडलं ते निपचित. मग त्यानं एक पाय ताणला आणि मान उचलली. काकूंनी चष्मा काढून पदरानं डोळे पुसले. लपवलं नाही. बाहेर हळदीवरचं ऊन गेलेलं होतं. सुंदरी ताट आवरायला गेली.

मी मशीनच्या उजेडात अहवाल लिहायला घेतला, कारण तो संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. पुरवठ्याचा प्रकार: खासगी. वापराचे स्वरूप: घरगुती व अंडी उबवणे. सुरक्षितता: समाधानकारक. मग पुढच्या ओळीला थांबले. छापील नमुन्यात ‘मालकाचे नाव’ ह्यापुढं बोटभरच जागा असते. एक नाव बसतं आणि फार तर ‘व इतर’ लिहिता येतं. मी सवयीनं गुणमालाचा ‘गु’ काढायला लागले.

“काय लिवताय?” काकूंनी विचारलं.

मी सांगितलं. एकच नाव बसतंय, तुमचं घालते, बाकीच्यांचं ‘व इतर’.

काकूंनी मशीनकडं बघितलं, मग मायाकडं. माया मांडीवर ते काळं पिल्लू घेऊन बसली होती, तिचं आमच्याकडं लक्षही नव्हतं.

“माजं नगं,” काकू म्हणाल्या. “तिचं घाला. माया, तुजं सगळं नाव सांग बाईंना. बापाचं, नवऱ्याचं, आडनाव, सगळं नीट सांग.”

मायानं वर बघितलं. तिला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि तिला नाव सांगता येईना. मी पेन धरून वाट बघत राहिले, आणि मला काही घाई नव्हती.